१ जानेवारी २००९, गुरुवार

रात्री पावणेदहाला फोन: "अरे, काळं झालंय.
पांढऱ्या अक्षरांत काहीतरी इंग्रजी म्हणतंय,
कुठलंही बटण दाबलं की पुन्हा तेच म्हणतंय."
धनकवडीहून नारायण पेठेत, पत्र्या मारुतीच्या मागे,
बाइंडिंगवाल्याच्या वर, अठरा पायऱ्या.
मंदाकिनी खळदकर, डीटीपी, मराठी-इंग्रजी.
पाटीवर फॅक्सचा नंबर अजून आहे.

बूट डिव्हाइस सापडत नाही.
"म्हणजे काय?"
म्हणजे जाग आलीय त्याला,
पण उठून जायचं कुठे ते कळत नाहीये.
"माझंही सकाळी तसंच होतं,"
ती म्हणाली, आणि चहा टाकायला गेली.

आधी सोपं. पुढच्या खाचेत कुणाचा तरी पेनड्राइव्ह,
मुंजीच्या पत्रिकेचा. काढला. तेच.
पत्रा उघडला: पंख्यावर धुळीची गोधडी,
पालीच्या अंड्याचं टरफल,
एक रबरबँड, तो तिथे कसा गेला देव जाणे.
डिस्कची लाल पट्टी उपसली, फुंकर मारली,
शेजारच्या खाचेत बसवली, टच्च.
तेच.
कान लावला. डिस्क फिरत होती,
लांबच्या गल्लीत गिरणी चालू असावी तशी.

"बॅकअप?"
तिने कप ठेवला, थोडा बशीत सांडला.
हा प्रश्न मी शेकडो घरांत विचारलाय.
उत्तर बहुतेक बशीतच असतं.

आत होती एका समाजाची कुटुंबसूची,
चौदाशे अकरा घरं, कोण कुठे राहतं,
परवा सकाळी नऊला छापखान्यात.

निळ्या पडद्यावर गेलो. डिस्क होती की!
नाव, नंबर, सगळं जागच्या जागी.
घरात हजर, पंगतीच्या यादीत नाव नाही, एवढंच.
यादीत पहिली फ्लॉपी, जी या डब्याने कधी पाहिली नाही,
दुसरं नेटवर्क,
तिसऱ्या जागी कोणीच नाही.
आणि वर कोपऱ्यात:
१ जानेवारी २००९, गुरुवार,
बारा वाजून चार मिनिटं.

ती वाकली, चष्मा कपाळावर सरकवला.
"दोन हजार नऊ. तेव्हा इथे दोन खुर्च्या होत्या."
मी स्टुलावर बसलो होतो. काही विचारलं नाही.

दोष एवढासा. मदरबोर्डवरचा सेल, रुपयाएवढा,
मेलेला. वीज तुटली की यंत्र सगळं विसरतं,
आपलं मूळ वर्ष तेवढं धरून बसतं.
क्रम मी हाताने लावतो, म्हटलं,
पण लाइट गेले की पुन्हा हेच. तापकीर गल्ली आता बंद.
"आणि उद्या गुरुवार," ती म्हणाली,
"म्हणजे लाइट जाणारच."

मग तिने खण ओढला. साखर मोजायचं यंत्र,
मागचं झाकण नखाने उचकटलं.
"हा चालेल?"
तोच सेल. तोच नंबर. मी तिच्याकडे पाहिलं.
"एक दिवस नाही मोजली तर मरत नाही मी.
आणि मेलेच, तर सूचीतून नाव काढायला तू आहेसच."

बसवला. डिस्क पहिली. फ्लॉपीला रजा.
"आज तारीख?"
तिने सांगितली, भिंतीकडे न बघता.
साठवलं. काळं.
काळं.
तिचा हात माझ्या स्टुलाच्या कडेवर.
मग पडदा उजळला, जसा काही झालंच नव्हतं,
आणि फाइल तिने सोडली होती तिथे उघडली:
सध्याचा पत्ता: समजला नाही.
"असे चार राहिलेत," ती म्हणाली,
"सगळीकडे फोन करून झाले,"
आणि खुर्ची पुढे ओढून पाचव्याचा टाइप करू लागली.

दुसऱ्या दिवशी दोन सेल घेऊन गेलो. लाइट गेलेले.
खिडकीपाशी तिने बोट पुढे केलं, सुई तयार.
यंत्राने आधी तारीख विचारली.
मगच रक्त घेतलं.