पुरावा जोडावा

घाडीगावकरांनी मानधनाचा अर्ज आणला
रेशनकार्डात दुमडून.
प्रकार कुठला, मी विचारलं. गायक, वादक, नट?
पडदे रंगवायचो, साहेब. राजवाडा, जंगल.
लालबाग-परळात कुठलंही नाटक असू दे,
मागची नदी माझी.

यादीत पडदा नव्हता.
रांगेतून एक जण करवादला :
आधी गटारं उपसा, मग नाटकवाल्यांना पोसा.
तिघाचौघांनी माना डोलावल्या.
माझीही हलली असेल, आठवत नाही.

बरं, पुरावा?
काही पडदे गोदामात उंदरांनी खाल्ले.
नदी एका मंडळाने नेली,
मांडव गळत होता म्हणून
वर बांधली.
पाणी थांबलं का, विचारलं मी.
थोडं, म्हणाले.

मग हात काउंटरवर उघडा ठेवला.
नखांच्या कडेला निळं, अजून.
मी सवयीने म्हणालो,
दोन झेरॉक्स लागतील.