धावा, फटके, चुका

वडगाव बुद्रुक. बॅटरीच्या दुकानावरचा तिसरा मजला.
पहाटे सव्वाचारला शटर अर्धं उचलून
वाकून आत शिरायचं.
ढमढेरे आधीच आलेला असतो.
भिंतींना गाद्यांचा फोम, टेबलावर थर्मास,
पडद्यावर ओहायोतली कालची संध्याकाळ.

कालची म्हणायचं नाही, तसं करारात आहे.
म्हणायचं : आत्ता, या क्षणी.

कानात सिंगापूरचा माणूस उलटे आकडे मोजतो
आणि मी मराठीत सांगू लागते
हिरवळीवरच्या नऊ जणांबद्दल,
ज्यांच्या गावी मी नसते.

शाळेत मी सॉफ्टबॉल खेळले. कॅचर.
क्रिकेटचे जुने पॅड कापून पोटऱ्यांना बांधलेले.
चांदोरकर बाई म्हणायच्या,
उकिडवं बसणारीलाच सगळं मैदान दिसतं,
बाकीचे आठ आत बघतात, ती एकटी बाहेर.
गुडघे गेले. वाक्य राहिलं.

पहिला महिना शब्दांनी खाल्ला.
स्ट्राइकला संप म्हणता येईना.
बेसला तळ म्हणून पाहिलं,
काचेपलीकडून ढमढेरे म्हणाला,
"तळ चोरला? मॅडम, खडकवासल्याचा?"
मग ठरवलं : पहिलं ठाणं, दुसरं, तिसरं.
चौथ्याला शोधावं लागलं नाही.
तेही त्याला घरच म्हणतात.
घरातून निघायचं, घरी यायचं,
मधे तीनशेसाठ फूट.

बळी मात्र अडला.
आपल्याकडे बळी घेतात, दुसऱ्या दिवशी पेपरात येतं.
इथं फलंदाज स्वतःच देतो :
बॅट आडवी धरून चेंडू पुढ्यात हलकेच पाडतो,
आपण बाद होतो,
पुढचा एक ठाणं सरकतो.
असा फटका त्याच्या सरासरीत धरत नाहीत.
हे सांगताना माझा आवाज बसतो, असं ढमढेरे म्हणतो.
शकूताईनं शिक्षण सोडून पतपेढीत नोकरी धरली
त्या वर्षी मी राज्याच्या संघात गेले.
हे मी माईकवर सांगत नाही.

आणि तो फळा : धावा, फटके, चुका.
चुकांना स्वतंत्र रकाना,
साऱ्या स्टेडियमला वाचता येईल असा.
हा खेळ पुण्यात कधीच रुजायला हवा होता.

आज सातव्या डावात, दोन बाद,
डावीकडे उंच फटका
आणि चित्र गोठलं.
क्षेत्ररक्षकाची मान वर, हातमोजा उघडा.
सिंगापूर गप्प. ढमढेरे केबल हलवतोय.
तांबडा दिवा चालूच.

मी चेंडू खाली येऊ दिला नाही.
दिव्यांबद्दल बोलले, दिव्यांभोवतीच्या किड्यांबद्दल,
वाऱ्याबद्दल (मला तिथल्या वाऱ्याचं काय माहीत),
एकेक पाऊल मागे सरणाऱ्या त्या पोराबद्दल.
सिंहगड रस्त्यावर शाळेची व्हॅन हॉर्न मारत गेली,
तीही आत शिरली असणार.
एकेचाळीस सेकंद.

चित्र आलं ते जाहिरातीचं.
म्हणजे झेल झाला, डाव संपला,
आणि माझा चेंडू अजून वरच.
ढमढेरेनं गुणपत्रिकेच्या समासात माझं नाव लिहून
चुकांखाली एक रेघ ओढली.

श्रोते बत्तीस. त्यातला एक निरोप
डिमोनाहून, बेंजामिन पेणकर, रात्रपाळीचे पहारेकरी :
"खेळ समजत नाही. मराठी ऐकायला लावतो.
आई गेल्यापासून घरात कोणी बोलत नाही.
पण बाई, चेंडू पडला का?"

पाच, चार, तीन.
आठव्या डावाचे खेळाडू मैदानात आलेत,
त्यांची नावं माझ्यासमोर लिहून तयार आहेत.
मी कागद उलटा ठेवते.
पेणकर, सांगते,
आत्ता, या क्षणी,
तो खाली येतो आहे.