रेमेदिओसबाईकडे औषध नाही

हनुवटीवर तीन, डाव्या गालावर पाच.
कपाळावरच्या मी मोजत नाही,
तिथे बटा सोडते.
रोज संध्याकाळी सहाला, रायबंदरच्या खोलीत
आरशापुढे गिलावा सुरू होतो:
आधी हिरवट, मग पिवळट,
मग माझ्याहून दोन छटा गोरा,
कंपनीने ठरवून दिलेला.
कसिनोच्या बोटीवर पत्ते वाटणाऱ्या मुलीला
पुळ्या असून चालत नाहीत.
हरणाऱ्याला वाटतं, तिथूनच काहीतरी लागलं.

हेल्मेटचा पट्टा नेमका तिथेच घासतो.
मांडवीच्या कडेने स्कूटर, खारट दमट वारा,
पट्ट्याखाली स्पंज, स्पंजात कालचा घाम,
परवाचाही.
पहाटे चारला येते ती तशीच पडते,
बूट तेवढे काढून.

वाळपईहून आई फोनवर:
हळद लाव, सायीत कालवून.
लावली. ती उतरेना.
सुपरवायझर म्हणाला, "गौतमी, लग्न ठरलं का?
कार्ड तरी द्यायचं."
मग लिंबू. लिंबाने काय केलं ते सांगत नाही.
मग टूथपेस्ट. ती सांगितली रूलेवरच्या जेनिशाने,
जिचा चेहरा धुतलेल्या बशीसारखा आहे
(अशांनाच सगळे उपाय पाठ असतात).
कडुलिंब, मुलतानी माती,
शेजारच्या कुंपणातली चोरलेली कोरफड.
बांगडा सोडला पंधरा दिवस.
हे लिहितानासुद्धा वाईट वाटतं.
बांगडा सुटला,
पुळ्या मला सोडेनात.

घरमालकीण रेमेदिओस फुर्ताद.
तीस वर्षं इस्पितळाच्या धोबीखात्यात होती.
रेमेदिओस म्हणजे पोर्तुगीजमध्ये औषधं,
हे तिनेच सांगितलं होतं,
पहिलं भाडं मोजता मोजता.
एका दुपारी मी टॉवेलखाली वाफ घेत होते.
तिने टॉवेल उचलला आणि बघितलं मला,
बाजारात कल्ला उचलून मासा बघतात तसं.
मी म्हटलं, "आंटी, तुमच्याकडे काही आहे?"
"म्हजेकडेन? कांयच ना गो."
मग खाटेपाशी गेली, उशी उचलली,
नाकाशी नेली.
"ही खोळ केन्ना धुयल्ली?"

मला आठवेना. चवथीला?
त्याच्याही आधी?
खिडकीच्या उजेडात धरला तिने अभ्रा
आणि त्यावर एक तोंड होतं.
माझंच. डाव्या कुशीचं, कंपनीच्या छटेचं,
ओठांच्या जागी विटकरी डाग,
पापणीच्या जागी काळी रेघ.
रात्रभर परक्यांपुढे हसलेलं ते तोंड
रोज पहाटे माझ्या गालाखाली येऊन निजत होतं,
आणि मी शोधत होते
बांगड्यात.

"निजण्याआधी तोंड धू. साबण बेताचा.
बोटं लावू नको. नीट झोप."
"एवढंच?"
"एवढंच कोण करतं?" ती म्हणाली,
आणि भाडं मागायचं विसरून गेली.
संध्याकाळी येऊन मागितलं.

अभ्रा तीन पाण्यांतून काढला.
तिसरं पाणीही चहासारखंच.
आता पट्ट्याखाली रोज नवा रुमाल;
दोरीवर सहा वाळतात, पाहुणे आल्यासारखे.
महिनाभराने हनुवटीवरच्या दोन बसल्या.
तिसरी आहे.
कपाळावर डाग उरलेत,
आगळाचे शिंतोडे उडावेत तसे.
ते जायला वेळ लागेल म्हणतात. लागू दे.
झोप मात्र अजून दिवसाच मिळते,
तिच्यावर रेमेदिओसबाईकडेही काही नाही.

परवा मंगळवारी सुट्टी.
गिलावा न करता चोडणच्या फेरीत उभी होते.
समोर शाळेच्या गणवेशातला एक मुलगा,
मिसरूड नुकतं फुटलेलं,
तळहाताने हनुवटी झाकलेली
आणि आडून नख चालूच.
मी त्याच्याकडे बघितलं,
त्याने माझ्या उघड्या गालाकडे.
बराच वेळ बघितलं,
बाकी कुणी बघतं तसं नाही.
मग हात खाली घेतला.
निम्म्या नदीपर्यंत खाली होता.
मग गेला वर.
मी सांगणार होते काहीतरी,
पण माझाही गेला होता.