मेंढ्याची शिंगं

कुरेसारेच्या शाळेत, व्यायामाच्या हॉलमध्ये
मंगळवारी संध्याकाळी गायनवृंद जमतो.
रेडिएटरवर ओले हातमोजे,
आणि फळ्यावर त्रीनूनं काढलेलं एक अक्षर : ɤ

"हे तर माझ्या मेंढ्याचं डोकं," एंडेल म्हणतो.
फेरीबोटीच्या इंजिनांत जन्मभर हात काळे केलेला,
खर्जातला, शेवटच्या रांगेत खिडकीशी उभा.
सगळे हसतात. त्रीनूही.
"नावच आहे तसं त्याचं. मेंढ्याची शिंगं."

मग ती सांगते :
ओ म्हणायला निघा, जीभ तिथेच मागे राहू द्या,
ओठ तेवढे सोडून द्या,
गरम दुधावर फुंकर घालता घालता
कुणी दार वाजवावं, तसे.

नेमका हाच स्वर बेटावरच्यांना येत नाही.
संध्याकाळ, शब्द, सुख,
त्यांच्या भाषेत तिन्हींच्या पोटात तो बसलेला,
आणि बेटावर तिन्ही येतात ओठांचा चंबू करून.
(आपल्या बाराखडीतही त्याला घर नाही.
मी देतोय तो नुसता पत्ता.)

जुलैत तालिनला जायचंय, हजारो गळ्यांत मिसळायला.
त्रीनूला एकही स्वर वेगळा पडायला नकोय,
म्हणून प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीनं ही चिन्हं,
म्हणून प्रत्येकाच्या हातात खिशातला आरसा.

घरी, गालांवर साबण तसाच ठेवून,
ओ. ओठ सोड. नाही.
ओ. नाही.
कुत्रा उठून दुसऱ्या खोलीत जातो.
तिसऱ्या आठवड्यात, बुटाची नाडी बांधताना,
काही न ठरवता
तो निघतो, लख्ख,
आणि एंडेल एका पायात बूट घालून बसून राहतो.
त्याच स्वरानं सुरू व्हायचं तिचं नाव.

ती तार्तूकडची. नावात फूल.
एकोणचाळीस वर्षं त्यानं हाक मारली ती बेटाच्या स्वरानं.
आधी ती दुरुस्त करायची,
पीठ मळताना, पाठमोरी : "पुन्हा म्हण."
मग कधीतरी तिनं नाद सोडला.
माहेरून फोन आला की नाव पलीकडून बरोबर यायचं,
तेव्हा ती जरा ताठ उभी राहायची, त्याला आठवतं.

आता त्यानं बरोबर नाव घेतलं,
रिकाम्या स्वयंपाकघरात, दोनदा.
कुणी अनोळखी बाई दारात आल्यागत वाटलं,
कोट न काढता उभी.

पुढच्या मंगळवारी सगळे गेल्यावर तो घोटाळतो.
"ते दुसरं. आम्ही म्हणतो ते.
त्याला आहे का काही अक्षर?"
त्रीनू खडू उचलते : ø
"यावर तर काट मारलीय."
"काट नाही. ते असतंच तसं."
थोडं थांबून, हात झटकत :
"या लिपीत चूक लिहायला चिन्हच नाही, एंडेल.
तोंडातून जे निघतं, ते लिहायचं."

तो खुर्चीवर वही टेकवतो,
मागच्या पुठ्ठ्यावर तो काट मारलेला गोल काढतो,
पुढे नावाचं उरलेलं,
दोनच तर अक्षरं.

"तालिनला मी शिंगंच गाईन," तो सांगतो. "काळजी नको."
दिवे मालवतो
आणि हातमोजे रेडिएटरवरच विसरतो.