खिडकी नंबर चार

सातवी ब च्या गुणपत्रकामागे
मी डिसेंबरपासून आकडे लिहिते आहे.
अहमदाबाद ते पर्थ, जाऊन-येऊन, दर माणशी:
एकावन्न चारशे. त्रेपन्न.
एकोणपन्नास नऊशे, ह्याच्याभोवती लाल वर्तुळ.
त्रेपन्न नऊशे. छप्पन्न.

शर्वाणीचं बाळ मेच्या तिसऱ्या आठवड्यात.
म्हणजे डॉक्टर म्हणतात तिसऱ्या,
सासूबाई बोटांवर मोजून म्हणतात दुसऱ्या.
ऋजुताची परीक्षा कधी संपते ते विद्यापीठालाही ठाऊक नाही.
अप्पांचा गुडघा हो म्हणतो, मग नाही म्हणतो.
ह्या सगळ्यांच्या मधोमध कुठेतरी एक तारीख,
तिच्यावर बोट ठेवायचं.

प्रत्येकाकडे आपलं एक शास्त्र.
रावपुऱ्यातले हसितभाई सांगतात,
थोभी जाव बेन, उत्तरायण पछी भाव पडशे.
श्रीरंग म्हणतो, सारखं बघू नकोस,
त्याला कळतं आपल्याला गरज आहे, तो चढवतो.
खंडेराव मार्केटात मी वांग्यांकडे बघतच नाही,
आधी कोथिंबिरीचा भाव काढते, तसंच म्हणे इथेही.
म्हणून शाळेच्या प्रयोगशाळेतल्या संगणकावर
मी आधी मस्कत शोधलं, मग लंडन,
आणि मग सहज, जाता जाता, पर्थ.
त्याने ओळखलं.

एका मंगळवारी मध्यरात्री उतरले होते खरे.
सासूबाई मच्छरदाणीतून म्हणाल्या,
अमावास्या आहे, आज पैसे भरू नका.
सकाळी प्रतिपदा होती
आणि दर माणशी चार हजार वाढलेले.
पाच माणसं. वीस हजार.
त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं,
तेही कुणी कुणाला सांगितलं नाही.

अप्पा तेवढे ह्यात नव्हते.
चौतीस वर्षं वडोदरा स्टेशन, खिडकी नंबर चार.
पुठ्ठ्याचं तिकीट, तारखेच्या यंत्रात ठक्क,
सुट्टे नसतील तर बाजूला उभे राहा.
समजावायला गेलं की विचारत,
खुर्ची तीच?
तीच, अप्पा.
पोचते तिथेच?
तिथेच.
मग सकाळी एक आणि रात्री एक, असं कसं?
आणि चष्मा पुसायला घेत, जणू चूक काचेची.

परवा पहाटे पाचला मी पुन्हा फोन घेऊन ओट्याशी.
कानटोपीतले अप्पा पाणी प्यायला आले.
माझ्या हातातल्या उजेडाकडे बघत म्हणाले,
वेणू, तीनदा भाडं विचारून जायचा ना माणूस,
तो गाडीत कधी बसायचा नाही.
एक होता, उज्जैनला जायचं होतं त्याला, बहिणीकडे.
दोन वर्षं येत होता खिडकीवर.
पुढचं त्यांनी सांगितलं नाही.
फुलपात्र उपडं ठेवलं.
पाचच काढ, म्हणाले. गुडघ्याचं मी बघतो.

छप्पन्न दोनशे.
पाच नावं, पासपोर्टवर आहेत तशीच,
खानविलकरांचा व, व्ही की डब्ल्यू, पुन्हा पुन्हा तपासून.
शेवटचा आकडा दाबताना अंगठा गार पडला होता.
ठक्क असा आवाज काही झाला नाही.

आज उत्तरायण.
हसितभाईंचा निरोप येऊन पडलाय: चोपन्न.
मी तो श्रीरंगला दाखवला नाही.
त्यानेही कुठेतरी बघितलंय,
मघापासून फारच मन लावून मांजा गुंडाळतोय.
मांडवीपर्यंतच्या गच्च्या ओरडतायत,
ऋजुताच्या हातात फिरकी, उंधियूवर झाकलेलं ताट,
आणि पतंगांच्या खूप वर एक विमान,
कुणीच ढील देत नसलेलं.

अप्पांनी खुर्चीतून कपाळावर हात धरला.
त्यातल्यांनी काय दिले असतील गं, दर माणशी?
प्रत्येकाने वेगळे, अप्पा.
एकाच गाडीत?
एकाच गाडीत.
ते दिसेनासं होईपर्यंत अप्पा बघत राहिले.
मग म्हणाले,
बसल्यावर शेजारच्याला विचारायचं नाही हं.