तिसऱ्या वाड्यासाठी सूचना

बावीस वर्षं मी जत्रेची नाटकं पुकारली.
'तीन अंकी संगीत नाटक, रात्री ठीक दहा वाजता,
ट्रिकसीनसह!' आणि त्या 'सह'वर आवाज असा चढवायचो
की पिळगावची पोरं रिक्षामागे धावत सुटायची.

यंदा जत्रा नाही. पडदे घडी करून देवळाच्या माडीवर,
त्यांतला राजवाडा उंदरांनी अर्धा खाल्ला म्हणे.
पंचायतीच्या सेक्रेटरीने एक कागद हातात दिला,
फोंडू, हे पुकार. दिवसाचे सहाशे, पेट्रोल वेगळं.

कागदावर: बुधवार, सकाळी साडेनऊ ते चार.
सरकारी प्राथमिक शाळा. वय पंचेचाळीस आणि वर.
आधार कार्ड किंवा मतदार कार्ड.
उपाशीपोटी येऊ नये.
मी वाचलं नाटकाच्याच आवाजात. दुसरा येतो कुठे मला?
'उपाशीपोटी'वर तान गेली.
काजूखालून कुणीतरी ओरडलं,
आणि नांदी रे?

हसले लोक. बऱ्याच दिवसांनी.

मग प्रश्न. रिक्षा थांबली की प्रश्न,
जणू भोंग्याच्या आत डॉक्टर बसलाय.
कायतान रेंदेर विचारतो, टोचल्यावर माडावर चढू ना?
हात धरला तर सूर कोण उतरवणार, तुझा सेक्रेटरी?
खाणीच्या शेडमधली यल्लव्वा,
कार्ड गदगला आहे, मी इथे आहे. चालतं?
मला माहीत नव्हतं. सिस्टर प्रेसिलाला फोन लावला,
माइक बंद करायचा राहिला,
'येऊ दे रे तिला, माणूस बघून टोचतात, कार्ड बघून नाही!'
सगळ्या वाड्याने ऐकलं. यल्लव्वाने पदर तोंडाला लावला.

पुतळीमावशी पायरीवरून,
दुसरी सुई कधी?
चौऱ्याऐंशी दिवसांनी.
आकडे नको सांगूस. कधी ते सांग.
मी बोटांची पेरं मोजली, आषाढ गेला, श्रावण गेला,
माटोळीचा बाजार भरतो ना मावशी, त्याच दिवसांत.
हां, म्हणाली, असं लिहा की मग कागदावर.
म्हणजे चवथीला नातवंडं आली तर जवळ घेता येतील.

वळणावर शाणूचं घर.
माझ्या प्रत्येक नाटकाला त्याची पेटी.
मे महिन्यात नऊ दिवस इस्पितळात, दहाव्या दिवशी फोन.
यादीत तो अजून आहे, अनुक्रमांक एकशे बारा.
एप्रिलच्या फेरीत तो म्हणाला होता, आधी तू घे.
मी म्हटलं, आधी तू.
हसत बसलो दोघं संध्याकाळभर. तारीख गेली.

त्या घरापुढे मी माइक बंद केला.
रिक्षाचं इंजिनसुद्धा मोठ्याने वाजतंय असं वाटलं.
दारात पेटी दिसली, वर पंचा टाकलेली.
कुठल्या तोंडाने सांगू त्या उंबऱ्याला,
लस आली आहे, या म्हणून?

दोन खांब ओलांडले आणि मागून हाक.
शशिकला धावत आली, बोटांना खोबऱ्याचा कीस.
'फोंडूभाऊ, आमच्याच दारात का बंद केलंत?
सासूबाईंना कमी ऐकू येतं. म्हणतात, रिक्षा गेली,
वार कळला नाही.'

सगळं पाठ होतं. तरी कागद उघडून वाचलं,
माइकशिवाय, तानेशिवाय.
बुधवार. साडेनऊ. शाळा. काहीतरी खाऊन या.
तिने विजेच्या बिलाच्या मागे लिहून घेतलं,
सासूचं नाव, मग स्वतःचं.
पेन उचललं नाही.
'आणि तुम्ही?'
येतो की, म्हटलं.
'येतो नको. कितवा नंबर ते सांगा.'

ड्रायव्हरने हॉर्न दिला.
चौथा वाडा बाकी होता.