दोन मिनिटं आयडलवर

टर्बो आला तो टॉवेलात गुंडाळून,
न्हाऊ घातलेल्या पोरासारखा.
आणणारा शिवहार गुट्टे, परळीकडचा.
दोन हार्वेस्टर. आधी सोयाबीन,
मग गहू काढत काढत होशंगाबादपर्यंत.
रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं उतरला, तडक रे रोड,
दारुखान्यात आमच्या पत्र्याखाली.

मी शाफ्ट चिमटीत धरून हलवला.
हलायला नको तितका हलला.
"गरम गरम बंद करता ना मशीन?"
तो टॉवेलाची घडी घालत राहिला.
"ताई, जेवायची हाक आली की
ड्रायव्हर चावी फिरवतो."

त्याला खरं तर वेगळंच विचारायचं होतं:
पुढचं मशीन घेताना
मोठं इंजिन घेऊ, की लहान, टर्बोचं?

"मोठं," मुकादमचाचा म्हणाले.
"टर्बोचं," मी म्हणाले.
दोघं एकदमच.

चाचांनी मोडीत आलेल्या जहाजांची इंजिनं उतरवलीत,
ज्यांच्या सिलिंडरात माणूस मांडी घालून
डबा खाईल.
"सहा लिटर म्हणजे सहा लिटर, बेटा.
ओलं पीक अडकलं, आरपीएम पडले,
तरी खालून ओढणार.
हिची ही शिट्टी आधी क्षणभर विचार करते, मग येते.
उसन्या हवेवर लग्नाचा बँड वाजतो."

"उसनी कुठली? आपलाच धूर तो.
बाहेर जाता जाता एक चाक फिरवून जातो,
मिनिटाला लाख फेरे,
आणि ते चाक आत हवा कोंबतं.
चार लिटरात सहाचं काम.
वजन कमी, रान कमी दाबतं."

"आणि तापतं किती?"

तापतं.
टॉवेलात पुरावाच होता,
तेलाचा जळून झालेला काळा खर.

दुपारभर मी रोटर बॅलन्सरवर चढवत होते, उतरवत होते.
नटाच्या कडेचं लोखंड घासायचं,
नखावर मावेल एवढं,
पुन्हा फिरवायचं, पुन्हा पडद्यावरची रेघ बघायची.
चाचा चष्मा पुसून शेजारी येऊन बसले.
तत्त्व वेगळं, बघायला काय जातं.

एक गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नाही.
बाबांच्या होडीला दोन सिलिंडरचं इंजिन होतं,
शिवडीच्या गाळातून ओहोटीलाही निघायचं
ठक, ठक, ठक, कुणाचीही घाई नसल्यासारखं.
त्याला कधी माझी गरज पडली नाही.

शिवहार संध्याकाळी गेला, खोकं मांडीवर घेऊन.
खोक्यावर मार्करनं मी लिहिलं होतं:
बंद करण्याआधी दोन मिनिटं आयडलवर ठेवा.
खाली दोनदा रेघ.

बाराव्या दिवशी फोन.
"ताई, ऐका," एवढंच म्हणाला
आणि फोन इंजिनापाशी धरला.
आधी सगळी धडधड, मग लोड उतरला,
शिट्टी पातळ होत होत गेली,
मागं कुणीतरी जेवायला बोलावत होतं,
तरी इंजिन चालूच.
मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी.

चाचांनी हात पुढं केला.
फोन कानाला लावला, तोही अधू कानाला,
डोळे मिटून बराच वेळ ऐकलं.

"किती लिटरचं आहे?" त्यांनी विचारलं.

मी फोन काढून घेतला.
अजून वीस सेकंद बाकी होते.